धुळीतली रेघ : जिव्या सोमा म्हसे यांची चित्रकला
(सिल्वासा येथे शिक्षक व ग्रामस्थांपुढे दिलेले भाषण)



सिल्वासाहून दक्षिणेकडे महाराष्ट्रात उतरले की तलासरी तालुका लागतो. सीमा मध्ये असली तरी वारली समाज अलीकडेही आहे आणि पलीकडेही. त्या तालुक्यातील धामणगावी १९३४ साली जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी आई गेली. त्या धक्क्याने मुलाची वाचाच बसली, आणि पुढे काही वर्षे जे सांगावयाचे ते तो धुळीत रेघा ओढून सांगू लागला. असा मुलगा आपल्या वर्गात आला, तर त्याची गणना आपण मंदबुद्धी मुलांत करणार नाही ना, हे उपस्थित शिक्षकांनी मनाशी तपासावे.

त्यांना स्वयंशिक्षित म्हणतात. चित्रशाळेत ते गेले नाहीत, एवढ्यापुरते ते खरे. परंतु वारल्यांच्या घरी लग्न असले की कुडाची भिंत सारवून, गेरू लावून, तीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. मध्यभागी पालघाट देवी; धवलेरी गाणी म्हणे. चित्राची ही शाळा गावोगाव होती आणि तिच्या गुरू स्त्रिया होत्या. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, ही आपल्या नोंदवहीतील मोठीच उणीव होय. पुरुषाने, तेही विधीवाचून, रोज चित्र काढीत बसावे हे रीतीबाहेरचे होते. जिव्यांनी ते केले.

बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांना कागद पुरविणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७० नंतरच्या काळात या भागात आले. त्यांनी जिव्यांचा हात ओळखला. भिंतीवरचे चित्र कागदावर आणि शेणाने सारवलेल्या कापडावर आले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात स्थान, २०११ मध्ये पद्मश्री, असा पुढचा क्रम आहे.

त्यांच्या चित्रांतील मासे धरण्याचे जाळे पाहावे. हजारो बारीक रेघांनी ते विणलेले असते आणि वाऱ्याने फुगल्यासारखे साऱ्या चित्रभर पसरते. कोठे मुंग्यांचे वारूळ, कोठे तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा. माणूस, पाखरू, कीटक, सारे सतत हलत असते, अशी त्यांची धारणा होती. टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, हे तर कोणीही काढील; परंतु कमरेशी ते किंचित कलते झाले की माणूस चालू लागतो. पट्टी धरून त्रिकोण आखणाऱ्यांना हे साधत नाही. शाळांच्या भिंतींवर अशी ताठ माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत!

१५ मे २०१८ रोजी जिव्या निवर्तले. सदाशिव व बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार झाले. कुडाच्या जागी सिमेंटच्या भिंती येत आहेत. म्हणून येथील शिक्षकांना एक सूचना करतो. छापील नमुना फळ्यावर लावण्यापूर्वी मुलांना घरी आजीकडे धाडावे. लग्नात चौक कसा लिहीत, त्यात काय काय असे, हे विचारून यावयास सांगावे, आणि आजीचे नाव वहीत लिहून घ्यावे.