बाबासाहेबांचा राजीनामा आणि आपली सही

लालबागच्या चाळीतल्या बचत गटाच्या आम्ही बायका बोलतोय. आमच्या आया-आज्या गिरणीत राबल्या. गिरण्या गेल्या, पण गावाकडची जमीन अजून आहे. आज बोलायचंय ते त्या जमिनीबद्दल, पण सुरुवात एका बॅरिस्टरापासून करू.

लालबागपासून परळची पोयबावडी चालत जाण्याइतकी जवळ. तिथल्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. परळच्याच दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी होती. गोरगरीब तिथे गाऱ्हाणी घेऊन यायचे.

पुढे ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. १९२८ साली तिथे कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. बाळंतिणीला विसावा मिळाला तर त्यात देशाचंच भलं आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. १९२९ साली तो कायदा झाला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ साली दिल्लीत मजूर खातं त्यांच्याकडे आलं आणि १९४७ साली ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री झाले.

कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल पुढे नेलं. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा, नवऱ्याला एकच बायको, आणि नाहीच जमलं तर बाईलाही काडीमोड मागण्याचा हक्क, असं त्यात होतं. विरोध मोठा झाला, बिल रखडलं. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. कारणं आणखीही होती, पण अखेर निमित्त झालं ते या बिलाचं. पुढे १९५५-५६ साली त्याच बिलाचे चार कायदे झाले. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला. तिचं लग्न झालेलं असलं तरीही.

आता आमची गोष्ट. आमच्या गटातल्या एकीचे वडील वारले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावाने कागद पुढे केला. म्हणाला, "ताई, इथं सही कर, नुसतं कागदोपत्री आहे." वहिनीने साडीचोळी केली. माहेर तुटू नये म्हणून ताईने न वाचताच सही केली. ते हक्कसोडपत्र होतं. पुढे नवरा गेला, आणि गावी एक खोली बांधू म्हटलं तर तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती.

भाऊ वैरी नसतो. वाटा सोडायचा की ठेवायचा, हे जिचं तिने ठरवावं. पण आधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्या. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मोडणं फार अवघड जातं. वडील गेले असतील तर वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का, ते सातबाऱ्यावर बघा. अडलं तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, मग तिची कमाई कितीही असो.

ज्या हक्कासाठी एका मंत्र्याने खुर्ची सोडली, तो साडीचोळीवर सोडताना एक रात्र तरी विचार करा. एवढंच सांगायचं होतं.