औषधांचा डबा आणि मुकं जनावर



मांजर जेवेना, कुत्रं अंग टाकून बसलं, की आपला हात सवयीने घरातल्या औषधांच्या डब्याकडे जातो. त्यामागे माया असते हे मला ठाऊक आहे. तरीही आज आग्रहाने सांगतो, मांजर-कुत्र्यांसाठी तो डबा उघडू नका.

तापावर आपण निर्धास्तपणे घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे. हे औषध पचवून बाहेर टाकायला यकृतात जे विकर लागतं, ते मांजरात फारच कमी असतं. मग त्याचा विषारी अंश रक्तावर उठतो आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. गुलाबी हिरड्या मातकट-तपकिरी होतात, तोंड सुजतं, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, त्यामुळे ‘लहान जीव म्हणून पावच दिली’ हा हिशेब इथे चालत नाही. गोळी पोटात गेल्याचं कळताच पशुवैद्याकडे निघा. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो. जाताना गोळीचं पाकीट बरोबर न्या.

कुत्र्यांचं दुखणं निराळं. लंगडतंय म्हणून कोणी आयबुप्रोफेन देतं, कोणी डायक्लोफेनॅक. दोन दिवसांनी काळी शी, रक्ताची उलटी, आणि मग मूत्रपिंडं हात टेकतात. कुत्र्यांच्या सांधेदुखीसाठी वेगळी औषधं आहेत, ती वजन पाहून द्यायची असतात. गोचिडांचंही तसंच. कुत्र्याच्या मानेवर सोडायचं औषध उरलं म्हणून मांजराला लावलं आणि त्यात परमेथ्रिन असलं, तर मांजराला झटके येतात.

आता एक दुखणं जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात फार वेळ वाया जातो. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो. घरचे म्हणतात पोट साफ होत नाही, आणि एरंडेल पाजतात. प्रत्यक्षात त्याची लघवी तुंबलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकतो. लघवी बाहेर पडली नाही की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. म्हणून ट्रे रोज पाहा. लघवीचा ओला गोळा दिसत नसेल आणि बोका कुंथत असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. मांजर आपलं दुखणं लपवतं. ते कण्हू लागेपर्यंत पुष्कळ काळ उलटलेला असतो.

आता वैशाखातल्या उन्हाविषयी. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. फिरायला पहाटे न्या, आणि बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. उष्माघात झालाच तर नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि लगेच निघा.

शेवटची गोष्ट माणसांच्याही जिवाची आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, मग डॉक्टर सांगतील त्या वेळी पुन्हा. कुत्रा किंवा मांजर चावलं, नखाने नुसतं ओरखडलं तरी, जखमेवर हळद, चुना, मिरची काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेत घेतलेली लस वाचवते, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.