प्रवेशाआधी कोड बघा

सार्वजनिक आरोग्यातली एम.पी.एच. पदवी घ्यायला आपल्याकडची मुलं अमेरिकेला जातात. पहिल्या नोकरीचा विचार मात्र बहुतेकदा शेवटच्या सत्रात सुरू होतो. … माझ्या मते तो प्रवेशाआधीच करायला हवा. कारण असं. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीखाली 12 महिने काम करता येतं. … विषय ‘स्टेम’, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या सरकारी यादीत असेल, तर आणखी 24 महिने मागता येतात. साथरोगशास्त्र त्या यादीत आहे, जैवसांख्यिकीही आहे. सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्य नाही. … पदवीचं नाव तेच, एम.पी.एच. फरक पडतो तो विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-20 या कागदावर छापलेल्या, विषयाच्या कोडमुळे. तो आधी बघा.

कुणी म्हणेल, या विषयांतल्या आकडेमोडीची आवड नाही, मग केवळ व्हिसासाठी ती का शिकायची? … रास्त आहे. लोकांत जाऊन आरोग्यशिक्षण देणारी माणसंही हवीतच. पण मग हाताशी वेळ थोडा आहे, हे धरून चाला. पहिल्या ओपीटीत बेकार राहायला एकूण 90 दिवसच मिळतात, आणि या क्षेत्रातली सरकारी भरती काही झटपट होत नसते. … अशांनी विद्यापीठातल्या संशोधन प्रकल्पांकडेही बघावं. विद्यापीठांना एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेचं बंधन नाही, म्हणजे त्या व्हिसासाठीच्या लॉटरीची टांगती तलवार नाही. पगार बेताचा, ते खरं. … नियम बदलतात. म्हणून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करा आणि विचारा, या अभ्यासक्रमाचा कोड कोणता? … फी भरण्याआधी विचारा.