आपला कागद, आपला डफ

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने मला चळवळीतील कला आणि वर्तमानपत्रे या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय प्राध्यापकांचा, आणि मी गिरणीत साचेखात्यात बदली म्हणून लागलेला माणूस. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर लागणाऱ्या पुस्तकांच्या गाळ्यांवरून. तेव्हा मी आपला हिशेबाच्या भाषेत बोलतो. पेपर कोणाचा, त्याला पैसा कोणाचा, आणि आपली बाजू त्यात कोण मांडणार? माझ्या मते सगळा विषय एवढ्यात येतो.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी साफ लिहिले की मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते. याचा पुरावा शोधायला लांब जावे लागले नाही. 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली होती. फुकट नव्हे बरं का, रोख पैसे देऊन! तरी ती छापली गेली नाही. ज्याच्याजवळ स्वतःचा कागद नाही त्याला दुसऱ्याच्या कागदावर पैसे मोजूनही जागा मिळत नाही, हे तेव्हाच कळून चुकले.

संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते. नोकरीत राहून आपले नाव पुढे करता येत नाही, ही अडचण गिरणीवाल्यांना समजावून सांगायला नको. पुढे बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले, पत्र दुसऱ्यांच्या हाती आले आणि काही काळाने बंद पडले.

मग आला महाडचा सत्याग्रह. १९ आणि २० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतले, आणि त्याच दिवशी त्यांच्यावर लाठ्याकाठ्या चालल्या. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. या तारखा मी मुद्दाम सांगतो. एवढी मोठी घटना घडली, तर ती कशी घडली हे आपल्याच शब्दांत ताबडतोब लिहून ठेवायचे, दुसऱ्याच्या तोंडून ती जगाला कळू द्यायची नाही, ही घाई त्यात दिसते. या पत्राचे संपादक स्वतः बाबासाहेब. अंकातले रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने भरले. पण पैशाअभावी १९२९ च्या नोव्हेंबरात तेही थांबले. वाचकांना पत्राच्या देण्याची आठवण करून देणारा लेख खुद्द बाबासाहेबांना लिहावा लागला होता. आपण जयंतीला त्यांच्या नावाने घोषणा देतो, पण त्यांच्या पेपराची वर्गणी थकत होती ही गोष्ट कोणी सांगत नाही. १९३० च्या नोव्हेंबरात 'जनता' निघाले. तेच ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत' झाले.

आता कोणी म्हणेल, त्या काळी आपल्यात वाचणारे किती? खरे आहे, फार थोडे. म्हणूनच कागदाच्या जोडीला डफ आला. त्याआधी सत्यशोधक जलसे होतेच. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कितीतरी मंडळींनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा साचा लोकांच्या अंगवळणी पडलेला. ढोलकी, तुणतुणे, सवाल-जवाब, सोंगाड्या, हे सगळे त्यांनी ठेवले. आतला माल बदलला. वगात राजा-राणीच्या जागी गावचा सावकार आला, शाळेबाहेर बसवलेला पोरगा आला. मेलेल्या जनावराचे मांस का सोडायचे, महाडला आणि नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे काय घडले, दारूत पगार कसा जातो, हे सर्व गाण्यातून आणि हसत हसत. माझ्या आजोबांना अक्षर येत नव्हते, पण १९३० च्या नाशिकच्या सत्याग्रहाची हकीकत ते पाठ सांगत. ती त्यांनी जलशात ऐकली होती. जुनी माणसे सांगत की बाबासाहेब एका जलशाचे मोल आपल्या दहा भाषणांइतके मानत. खरे-खोटे ती माणसे जाणोत. पण जलशाला येणारी गर्दी उगाच येत नव्हती.

एक लक्षात घ्या, जलसा हा करमणुकीचा कार्यक्रम नव्हता, ती सभाच होती. फक्त कोणी उठून जात नसे!

वामनदादा कर्डक आपल्या सर्वांचे. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मोठेपणी अक्षर शिकले आणि पुढे २००४ मध्ये जाईपर्यंत गावोगाव गात राहिले. विठ्ठल उमपांना तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच मृत्यू आला. कार्यक्रम होता लॉर्ड बुद्धा या आपल्या टीव्हीचा. पँथरच्या काळातली छोटी छोटी मासिके, राजा ढालेंचे 'विद्रोह', पंतावणे सरांचे औरंगाबादहून निघणारे 'अस्मितादर्श', यांवर वेगळे बोलावे लागेल. आज वेळ नाही.

पण रमाबाई नगरबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमाव रस्त्यावर आला आणि राज्य राखीव दलाच्या गोळ्यांनी दहा जीव गेले. पोलिसांतर्फे सांगण्यात आले की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी त्यापुढची चौदा वर्षे कॅमेरा घेऊन वस्त्यांतून माणसांची गाणी आणि साक्षी टिपल्या. २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट आला. टँकरची गोष्ट कशी उभी केली गेली, ते त्यात दिसते. आपल्या वस्त्यांनी तो आपल्या अंगणात बसून पाहिला. तो नसता तर पुढच्या पिढीसाठी टँकरचीच गोष्ट उरली असती.

आता आपल्या गल्लीकडे येतो. मागे आपण पाण्यासाठी मोर्चा काढला होता, आठवतो ना? उन्हात बायाबापड्या चार तास उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दैनिकात चार ओळी आल्या: वाहतूक खोळंबली, प्रवाशांचे हाल. पाणी हा शब्दसुद्धा नाही!

आणि सध्या पुनर्विकासाचे संमतीपत्र घरोघर फिरत आहे. करारनामा इंग्रजीत. सह्या मागतात मराठीत. कोण म्हणते मोठी खोली मिळणार, कोण म्हणते विहाराची जागाच जाणार. मोबाईलवर रोज नवीन बातमी येते, तिला ना आई ना बाप. आमच्या शेजारच्या वहिनी परवा विचारत होत्या, "भाऊजी, यातलं खरं कोणतं?" मी काय सांगणार? करारनामा मीही पूर्ण वाचलेला नाही, कारण तो कोणी दाखवतच नाही.

तरुण मंडळी मला म्हणतात, "काका, आता कागद कोण वाचतं? सगळं मोबाईलवर." मोबाईलला माझा विरोध नाही. मोर्चाचे शूटिंग तुम्हीच करायचे आहे, मला ते जमत नाही. पण पाठवलेली बातमी कोणी लिहिली ते कळत नाही, आणि उद्या कंपनीने बंद केली तर आपण कुठे भांडणार? 'मूकनायक'वर संपादकाचे नाव होते. चुकले तर धरायला माणूस होता.

म्हणून समितीपुढे मी असे ठेवले आहे. यंदा जयंतीला डीजे एका रात्रीपुरताच आणावा. दुसऱ्या रात्रीचे भाडे वाचेल त्यातून करारनाम्याचे मराठी करून घ्यावे, एका जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावे आणि कलम-कलम छापून घरोघर द्यावे. खाली लिहिणाऱ्यांची नावे असावीत. डीजेवर माझा राग नाही, पोरांनी नाचावे; पण त्या आवाजात कानाला लावलेले बोटसुद्धा ऐकू येत नाही, तिथे प्रबोधन कसले? आणि ज्यांना छापलेले वाचायचा कंटाळा, त्यांच्यासाठी महिला मंडळाने करारनाम्यावरच एक छोटा जलसा बसवायला घेतला आहे. बिल्डरच्या माणसाचे सोंग कोण घेणार यावरून तिथे दोन दिवस भांडण चालू आहे, असे कानावर आले.

विहाराच्या दाराजवळचा फळा कालच रंगवून घेतला आहे. रविवारी वंदना झाली की पहिला मजकूर लिहायचा. ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी आजच सेक्रेटरींकडे नाव द्यावे, आणि करारनाम्याची प्रत ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती सोबत आणावी.

जयभीम! नमो बुद्धाय!