कॉटखालचं घर



बारावीचे निकाल लागले की गावोगावी लगबग सुरू होते. कुणाची लेक साताऱ्याला, कुणाची कोल्हापूरला, कुणाची पुण्याला वसतिगृहात जाते. आपण काय करतो? लाडू वळतो, चटण्या कुटतो, दोन गोधड्या बांधतो, आणि एवढं मोठं बोचकं करतो की एसटीत चढवताना दोन माणसं लागावीत. पण ते सगळं ठेवायचं कुठे, हा विचार आपल्या मनात येत नाही. म्हणून आज बोलू या वसतिगृहातल्या कॉटखालच्या जागेबद्दल.

एका खोलीत तीन-चार मुली. भिंतीतल्या कपाटाचा एखादा कप्पा वाट्याला येतो, कधी तोही नाही. मग लेकीची स्वतःची म्हणावी अशी जागा उरते ती कॉट आणि कॉटच्या खालचा भाग. कॉट साधारण सहा फूट लांब, अडीच-तीन फूट रुंद. खाली फूटभर उंची मिळाली तर तेवढ्यात एक छोटं घर मावतं. नीट लावलं तर घर, नाही तर उकिरडा.

पहिलं काम मापाचं. पेटी आधी घेऊ नका. खोली बघायला जाल तेव्हा सुतळी न्या. जमिनीपासून कॉटच्या आडव्या पट्टीपर्यंत सुतळी धरा आणि गाठ मारा. पेटीची उंची त्या गाठीपेक्षा दोन बोटं कमीच हवी, कारण गादीच्या भाराने कॉटचा मधला भाग खाली येतो. घरात जुनी पत्र्याची पेटी असेल तर कडीकोयंडा दुरुस्त करून रंग द्या. नवीच हवी असं नाही. एका उंच पेटीपेक्षा दोन बुटक्या बऱ्या.

दुसरं, ओल. फरशी रोज पुसली जाते, पावसाळ्यात तर ती वाळतच नाही. पेटी थेट फरशीवर ठेवली की बूड गंजतं आणि कपड्यांना कुबट वास येतो. साखरेची प्लास्टिकची गोणी धुऊन, घडी घालून पेटीखाली घाला. ओल लागत नाही आणि पेटी ओढायलाही हलकी जाते. जागा वाढवायला कॉटच्या पायांखाली विटा द्यायच्या असतील, तर आधी गृहपालबाईंना विचारा. वीट सरकली तर कॉट कलंडते.

तिसरं, काय कुठे. रोज लागतं ते पुढे, आठवड्याला लागतं ते मधे, थंडीतलं स्वेटर-गोधडी भिंतीकडे. खाऊ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पिशवीतला चिवडा म्हणजे मुंग्यांना आणि उंदरांना आमंत्रण. आणि बायांनो, सहा महिन्यांचा खाऊ एकदम देऊ नका. शेंगदाण्याची चटणी खवट होते, लाडवाला वास येतो, लेक भिडेखातर सांगत नाही. थोडं द्या, पण वरचेवर पाठवा. कपड्यात ठेवायची डांबरगोळी खाऊच्या पेटीत टाकू नका. शेगडी, पाणी तापवायचा रॉड असल्या वस्तू गुपचूप कॉटखाली ठेवायला देऊ नका. वर गादी, खाली वीज, आग लागायला वेळ लागत नाही.

चौथं, ढेकूण. ते खोक्यांच्या घडीत, पेटीच्या फटीत, कॉटच्या सांध्यात बसतात आणि रक्त न पिता महिनोन्‌महिने जगतात. म्हणून पुठ्ठ्याची खोकी नकोत. पंधरा दिवसांतून एकदा सगळं बाहेर ओढून झाडायचं, हा नेम लेकीला लावा. सुट्टीला घरी आली की बोचकं आधी अंगणात सोडा, मग घरात. कपडे कडक गरम पाण्यातून काढा.

पाचवी गोष्ट आपण मोठ्याने बोलत नाही. पाळीचं कापड वापरणाऱ्या मुली लाजेपोटी ते ओलंच कॉटखाली लपवून वाळवतात. तिथे ऊन नाही, वारा नाही. असं दमट कापड पुन्हा घेतलं की खाज सुटते, जंतुसंसर्ग होतो. निघण्यापूर्वी लेकीशी बोला. कापड उन्हातच वाळवायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे आईच्या तोंडून ऐकलं की तिला धीर येतो. पॅड वापरत असेल तर ती कोरड्या, झाकणाच्या डब्यात राहू देत.

आता कागद. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचे कागद लागतात. मूळ कागद कॉटखाली ठेवू नका. ओल आणि कसर त्यांना सोडत नाही, आणि जातपडताळणीचा कागद पुन्हा काढायचा तर किती खेटे पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मूळ प्रती घरी ठेवा, झेरॉक्स प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून पेटीत सगळ्यात वर ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये मिळतात, त्या निघण्याआधीच काढून घ्या.

शेवटचं सांगते. पेटीला चांगलं कुलूप घ्या आणि किल्ल्या दोन करा. एक तिच्या गळ्यात, दुसरी तिच्याच पाकिटात. आपल्याकडे नको. घरात आपल्या मुलींना स्वतःचं कुलूप कधी मिळतं? लग्नाआधी कपाट आईचं, लग्नानंतर सासूचं. तीन-चार वर्षं का होईना, एक पेटी तिची असू द्या. त्यात वही असेल, साठवलेले पैसे असतील, एखादी चिठ्ठीही असेल. भेटायला गेलात तर कॉटखाली हात घालू नका. ती आपणहून उघडून दाखवेल तेव्हा बघा.

येत्या बैठकीत गटातल्या ज्यांच्या मुली यंदा बाहेर जाणार आहेत, त्यांची नावं घ्या. कुणाच्या माळ्यावर जुनी पेटी पडून असेल तर ती खाली काढा. एकीची अडगळ दुसरीच्या लेकीचं घर होईल.