संगणकांतील दुसरी हार्ड डिस्क



घरांतील माणसें वाढलीं कीं खोली अपुरी पडते, कागद वाढले कीं पेटी अपुरी पडते. संगणकाचेंही तसेंच आहे. ज्या घरीं टेबलावरचा संगणक पांच-सात वर्षें वापरांत आहे, तेथें मुलांचीं छायाचित्रें, लग्नाच्या चित्रफिती, सातबाराचे उतारे, पेन्शनचे कागद हें सारें एकाच हार्ड डिस्कवर दाटीवाटीनें बसलेलें असतें. मग एके दिवशीं पडद्यावर जागा संपल्याची सूचना येते आणि घरांत नव्या संगणकाची गोष्ट निघते. हा खर्च बहुधा टाळतां येतो. जुन्याच कॅबिनेटमध्यें दुसरी हार्ड डिस्क बसवितां येते. तें काम कसें करावें, आणि केल्यावर कोणत्या भ्रमांत राहूं नये, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्यांची बंद डबी. १९५६ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें अशी पहिली यंत्रणा बाहेर काढली. तींत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिचें वजन टनाच्या घरांत होतें, आणि तींत अक्षरें मावत होतीं अवघीं ५० लक्ष. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कवर एक लक्ष कोटि रोमन अक्षरें मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सामान्यतः तिप्पट जागा लागते. तरीही आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांचा सव्वा लक्ष ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा ‘गीतार्णव’ तींत हजारों वेळां लिहून ठेवतां येईल. ह्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेढे घेतात, आणि वाचणारें टोंक त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी अंतरावर तरंगतें. म्हणून चालू डिस्कला धक्का लागूं देऊं नये, आणि ती डबी कधींही उघडूं नये.

डिस्क विकत घेण्यापूर्वीं कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून तीन गोष्टी पाहाव्या. डिस्क ठेवण्याचा रिकामा कप्पा आहे काय, मदरबोर्डवर साटा जातीचें एखादें सॉकेट मोकळें आहे काय, आणि पॉवर सप्लायमधून येणाऱ्या तारांत साटाचा एक जोड शिल्लक आहे काय. कांहीं मदरबोर्डांवर एम-टू जातीची चपटी डिस्क बसविली असल्यास साटाचें एखादें सॉकेट आपोआप बंद होतें. तें मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. ज्या पॉवर सप्लायच्या तारा सुट्या होतात, त्याला दुसऱ्या कंपनीच्या तारा लावूं नयेत. जोड दिसावयास सारखे असले तरी आंतील मांडणी वेगळी असूं शकते, आणि तेवढ्यानें डिस्क जळते.

आतां प्रत्यक्ष काम. संगणक बंद करून भिंतीवरील प्लग काढावा व चालू करण्याचें बटण कांहीं क्षण दाबून धरावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विजेचा निचरा होतो. आपल्याकडे उन्हाळ्यांत धूळ फार. ती मऊ कुंचल्यानें झाडून घ्यावी. मग डिस्क कप्प्यांत सरकवून दोन्ही बाजूंनीं स्क्रू आंवळावे. सैल डिस्क थरथरते. बारीक केबल डिस्कपासून मदरबोर्डाला आणि रुंद जोड पॉवर सप्लायकडून डिस्कला लावावा. दोन्ही जोडांचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा असल्यानें ते एकाच बाजूनें बसतात. जोर करावा लागला तर बाजू चुकली असें समजावें.

संगणक सुरू केल्यावर नवी डिस्क लगेच दिसली नाहीं म्हणून घाबरूं नये. कोरी वही आधीं आंखावी लागते. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट ह्या जागीं जाऊन तिला ओळख द्यावी, दोन टेराबाइटहून मोठी असल्यास जी. पी. टी. हा प्रकार निवडावा, मग फॉरमॅट करून तिला एक अक्षर द्यावें. मात्र बसविलेली डिस्क जुनी असून तींत मजकूर असेल, तर फॉरमॅटच्या प्रश्नाला ‘होय’ म्हणूं नये.

येथें काम संपलें असें बहुतेकांस वाटतें. खरी गोष्ट येथूनच सुरू होते. दुसरी डिस्क म्हणजे दुसरी जागा. ती दुसरी प्रत नव्हे. जुन्या डिस्कवरील छायाचित्रें नव्या डिस्कवर हलविलीं, तर प्रत एकच राहिली. दोन्हीकडे ठेवलीं तरी दोन्ही डिस्का एकाच पॉवर सप्लायवर जगतात. वीज पडली, दाब एकाएकीं वाढला, किंवा चोरानें कॅबिनेट उचलून नेलें, तर दोन्ही एकदम जातात.

कागदाची किंमत आपल्या जिल्ह्याला सांगावी लागत नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड हैदराबाद संस्थानांत होतें. निजामकाळांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं २०२३ सालीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां मोडी व उर्दू जाणणारीं माणसें शोधावीं लागलीं आणि घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या. ज्यांच्या आजोबांनीं कागद जपला त्यांना तो सांपडला. उद्यां आपलीं नातवंडें पेटी उघडणार नाहींत; तीं डिस्क उघडतील.

आपल्या पूर्वजांनीं ह्याचा उपाय केलेला आहे. दासोपंतांनीं ‘पंचीकरण’ कापडाच्या पासोडीवर लिहिलें, आणि ती अंबाजोगाईस पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. परंतु इतर बहुतेक पोथ्या टिकल्या त्या नकलांमुळें. एक प्रत मठांत, एक शिष्याच्या घरीं, एक परगांवीं. एकीला वाळवी लागली तरी दुसरी राहिली. तीच रीत आपण धरावी. मूळ मजकूर पहिल्या डिस्कवर, नक्कल दुसरीवर, आणि तिसरी प्रत बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क काढून, लातूर-औरंगाबादकडे राहणाऱ्या मुलाकडे वा मुलीकडे ठेवावी. दर तीन महिन्यांनीं नक्कल ताजी करावी, आणि तींतील दोन-चार चित्रें उघडून पाहावीं. न उघडलेल्या नकलेवर विश्वास ठेवूं नये.

माझ्याजवळ शाळेच्या स्नेहसंमेलनांचीं जुनीं छायाचित्रें आहेत. त्यांतील कांहीं मुलें आज आजोबा झालीं आहेत, कांहीं ह्या जगांत नाहींत. त्यांचा दुसरा फोटो कोणाकडे असेलच असें नाहीं. प्रत्येकाच्या संगणकांत असें कांहीं तरी असतें. तें कोणतें, हें आज रात्रीं एकदां पाहून ठेवा, आणि डिस्क बसविण्याच्या दिवशीं नक्कल प्रथम त्याचीच करा.