मालमोटारीचा चालक काय मागतो?

अध्यक्षमहाराज, या व्याख्यानमालेचे चालक आणि श्रोते बंधुभगिनींनो,

‘चालक’ हा शब्द आमच्या तोंडून गेला आणि पहिल्या रांगेतले दोघेचौघे हसले. हसणे साहजिक आहे. आम्ही ज्या चालकांविषयी बोलायला उभे आहोत, त्यांना व्यासपीठ ठाऊक नाही आणि हार त्यांनी पाहिला असेल तर दसऱ्याला गाडीच्या तोंडावर घातलेला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून अशा मांडवांतून वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत पुष्कळ विषय होऊन गेले. मालमोटारीतली बसायची जागा हा विषय त्यांत फारसा आला नसावा. आपल्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्ही कळवले की दुसरा विषय आम्हांला येत नाही. त्यांनी हाच चालेल म्हणून उलट टपाली उत्तर धाडले, तेव्हा जबाबदारी त्यांची.

आपणांस २०२४ च्या जानेवारीचे पहिले दोन दिवस आठवत असतील. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवणारे कलम नव्या न्यायसंहितेत आले, म्हणून चालकांनी गाड्या जागच्या जागी उभ्या केल्या आणि गावोगाव पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता अमलात आली, तेव्हा ते कलम तेवढे बाजूला ठेवले गेले. त्या दोन दिवसांत चालकांना काय नको, हे साऱ्या देशाने ऐकले. त्यांना काय हवे, हे विचारण्याची पाळी मात्र क्वचित येते.

स्वतःच्या गाडीचा मालक असलेला चालक आपल्या मनासारखी गाडी करून घेतो. पडदे लावतो, देव बसवतो, बैठकीला चांगला फोम घालतो, मागे हवे ते रंगवून घेतो. कंपनीच्या चालकाचे तसे नाही. त्याच्या हातात किल्ली पडते. आज ही गाडी, पुढच्या खेपेला दुसरी. कंपनी एकदम वीसपंचवीस गाड्या घेते तेव्हा किंमत पाहते, माल किती बसतो ते पाहते आणि लिटरला किती किलोमीटर पळते ते पाहते. ज्याला आत बारा-चौदा तास काढायचे, तो त्या वेळी कुठेतरी कसाऱ्याच्या घाटात असतो.

काही वर्षांपूर्वी एका वाहतूक कंपनीशी आमची बोलणी चालू असताना तिच्या व्यवस्थापकांनी आम्हांला सांगितले, “नव्या गाड्या घ्यायच्या आहेत. तुमच्या माणसांना काय पाहिजे ते लिहून द्या.” त्यांची अपेक्षा गाण्याचे यंत्र, पंखा, फार तर मऊ गादी, अशी असावी. आम्ही कळंबोलीच्या लोखंडबाजारात चार रात्री बसून चालकांना विचारीत गेलो. साठीकडे झुकलेला एक चालक पहिल्याच रात्री म्हणाला, “भाऊ, बाकीचं राहू द्या. आधी दार नीट लागेल असं बघा.” आम्हांला ही थट्टा वाटली. मग त्याने दाराच्या फटीला लावलेल्या चिंध्या दाखवल्या. आपल्याकडे पुष्कळ गाड्या कारखान्यातून नुसता सांगाडा आणि इंजिन होऊन बाहेर पडत आणि केबिन पुढे गावातला बॉडी बांधणारा लाकूड-पत्र्याची करी. अशा केबिनीचे दार दोन पावसाळ्यांत सैल होते. उन्हाळ्यात तिच्यातून धूळ येते, पावसात पाणी आणि बारा महिने आवाज. त्या एका वाक्याने आमची यादी सुरू झाली.

बैठकीचे पाहा. उंच चालक आणि ठेंगणा चालक एकाच गाडीवर आळीपाळीने जातात, आणि जुन्या गाड्यांची बैठक मागेपुढे सरकण्यापलीकडे काही करीत नाही. ठेंगणा माणूस पाठीशी घोंगडी कोंबतो; उंच माणसाचा गुडघा स्टेअरिंगला घासतो. आणखी एक गोष्ट, जी गाडी न चालवणाऱ्यास उलटी वाटेल. भरल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी अंग अधिक मोडते. गाडीचे पाटे पुऱ्या वजनासाठी ताठ केलेले असतात. वर वजन नसले म्हणजे ते दबत नाहीत आणि प्रत्येक खड्डा सरळ कण्यात येतो. माल उतरवून परत निघालेला चालक खरा भरडला जातो. यावर उपाय आहे. बैठकीच्या खालीच स्प्रिंग किंवा हवेची उशी असते आणि बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ती मऊ किंवा ताठ करता येते. महागड्या गाड्यांत ती येते, आणि आमच्या यादीत तिचा क्रमांक वरचा होता.

उष्णतेविषयी विदर्भातल्या श्रोत्यांना सांगायला नको. मालमोटारीचे इंजिन बहुधा केबिनच्या खालीच असते, चालकाच्या डाव्या मांडीशी त्याचे झाकण. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना कोळशाची गाडी रांगेत उभी आहे, इंजिन चालू आहे, आणि माणूस त्या झाकणाशेजारी बसला आहे. सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि साडेतीन टनांवरच्या मालमोटारी २०२५ पासून वातानुकूलित केबिनच्या निघाव्यात असे ठरवले. हे चांगलेच झाले आणि आम्ही त्याचे स्वागत केले. पण नियम नव्या गाड्यांना आहे. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या जशा होत्या तशाच. शिवाय यंत्र बसले म्हणजे ते चालू ठेवता येईलच असे नाही. त्याला डिझेल लागते, आणि डिझेल म्हटले की आमच्या धंद्यातले खरे दुखणे येते. त्यापाशी थोडे थांबू.

त्या दुखण्याचे नाव ‘ॲव्हरेज’. कंपनी प्रत्येक गाडीचा आकडा ठरवून देते, एका लिटरमागे इतके किलोमीटर. खेप संपल्यावर हिशेब होतो. आकड्यापेक्षा जास्त डिझेल जळले, तर फरक चालकाच्या पगारातून जातो. वाचले, तर काही ठिकाणी थोडे बक्षीस. आकडा ठरवणारा माणूस टेबलाशी बसलेला असतो. त्याच्या कागदावर घाट नसतो, नाशिकच्या वेशीवरची कोंडी नसते, भिवंडीच्या गुदामाबाहेर रात्रभर पुढे सरकत राहणारी रांग नसते. मग चालक डिझेल कुठे वाचवील? जिथे गाडी फुकट पळते तिथे, म्हणजे उतारावर. तो गिअर काढून गाडी न्यूट्रल करतो. कोणी कोणी तर इंजिनच बंद करतो.

यात काय होते ते साध्या शब्दांत सांगतो. गाडी गिअरमध्ये असली की उतारावर इंजिन तिला मागे ओढून धरते. ब्रेकला निम्मा विसावा मिळतो. गिअर काढला की पंचवीस-तीस टनांचा सारा भार ब्रेकवर. ब्रेक दाबून दाबून ड्रम तापतो, लायनरची पकड सुटत जाते आणि शेवटी पाय तळापर्यंत गेला तरी गाडी आवरत नाही. जळक्या लायनरचा वास खंडाळ्याच्या घाटात आपणही घेतला असेल. इंजिन बंद केले असेल तर आणखी कठीण. मालमोटारीचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन नाही तर नवी हवा नाही, आणि पॉवर स्टेअरिंगही जड होऊन बसते.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तेथे २०२२ च्या आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मोठे अपघात झाले, त्याआधी आणि मध्येही झाले. प्रत्येक अपघाताचे कारण एकच होते असे आम्ही म्हणणार नाही. चौकशी करणे आमचे काम नव्हे. पण तशा उतारावर न्यूट्रल करणाऱ्या आमच्याच एका सभासदाला आम्ही रागे भरलो होतो, ते सांगितले पाहिजे. तो ऐकून घेतो म्हणाला आणि खिशातून पगाराची चिठ्ठी काढली. त्या महिन्यात डिझेलपोटी त्याच्या पगारातला जो भाग कापला होता, तो त्याच्या मुलीच्या शिकवणीच्या फीइतका होता. “भाऊ, तुम्ही मला कायदा सांगा, पण ही चिठ्ठी आधी वाचा.” पुढे दीड वर्षाने घाटातच तो गेला. गाडी दरीकाठच्या भिंतीला घासत जाऊन उलटली; दुसरे कोणी सापडले नाही, एवढेच. कंपनीच्या कागदावर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असे लिहिले गेले. गाडी न्यूट्रलमध्ये होती हे खोटे नव्हते, त्यामुळे आम्हांला भांडताही नीट आले नाही. त्या दिवशी आम्ही त्याला केवळ रागे भरून निघालो होतो आणि ॲव्हरेजचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला होता, हे आमच्याही कागदावर लिहिलेले बरे.

म्हणून यादीत आम्ही दोन गोष्टी जोडून घातल्या. प्रत्येक गाडीला एक्झॉस्ट ब्रेक चालू स्थितीत असावा, म्हणजे उतारावर इंजिनाचाच धूर अडवून गाडी रोखता येते. आणि घाटाच्या मार्गाचे, कोंडीचे, वातानुकूलनाचे ॲव्हरेज वेगळे धरावे. एकीवाचून दुसरी व्यर्थ आहे. पगार कापायचाच असेल तर केवढाही चांगला ब्रेक असो, माणूस गिअर काढणारच.

बाकीचे भरभर सांगतो. पूर्वी गाडीवर क्लीनर असे. खर्च वाचवण्यासाठी कंपन्यांनी बहुतेक ठिकाणी त्याला काढून टाकले. क्लीनर म्हणजे केवळ काच पुसणारा पोऱ्या नव्हे. तो चालकाचा डावा डोळा होता. उंच केबिनमधून डाव्या चाकाशी आलेली दुचाकी दिसत नाही. आपल्यातले जे दुचाकीवरून आले असतील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. क्लीनर परत येत नसेल, तर त्या बाजूला खालचे दाखवणारा आरसा किंवा कॅमेरा हवा. पण कंपन्या कॅमेरा बसवतात तो चालकाच्या तोंडावर! जांभई दिली की कचेरीत घंटा वाजते. झोप का आली, गुदामाच्या दारात किती तास उभा होता, हे त्या कॅमेऱ्याला दिसत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहून ठेवली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या संहितेत विलीन झाला. रांगेतले तास जुन्या कायद्याच्या काळातही कोणी मोजले नाहीत, आणि नव्यात ते मोजले जावेत यासाठी आमचा पत्रव्यवहार चालू आहे.

पाठीमागची निजायची फळी सरळ पाय करता येईल एवढी लांब असावी. डिझेलच्या टाकीला पक्के कुलूप असावे, कारण रात्री डिझेल चोरीला गेले तर तेही चालकाच्याच नावावर पडते. वीस लिटर पाण्याचे पिंप बसेल अशी जागा असावी. शौचालय गाडीत मागता येत नाही, ते गुदामवाल्याकडे मागावे लागते. सकाळी फाटकाबाहेर डबा घेऊन हिंडणारा पन्नाशीचा माणूस मालाचे कागद मात्र आत नेऊन देतो, याची लाज नक्की कोणाला वाटावी हे आम्हांला अजून कळलेले नाही.

ती यादी आम्ही त्या व्यवस्थापकांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. दारे, कुलपे आणि आरसे लगेच मान्य झाले. नव्या गाड्यांत निम्म्यांना चांगली बैठक आली. घाटाचे वेगळे ॲव्हरेज मिळायला अकरा महिने आणि एक दिवसाचा संप लागला. चालकाच्या तोंडावरचा कॅमेरा अजून तिथेच आहे.

आता आमचे बोलणे पुरे. मांडवाच्या मागे रस्त्याला त्यांतलीच एक गाडी उभी करून ठेवली आहे आणि तिचा चालक त्या खांबापाशी बसला आहे. ज्यांना पायऱ्या चढवतील त्यांनी जाऊन आत जरूर बसून पाहावे. तो नाही म्हणणार नाही. इंजिनाच्या झाकणाला तेवढा हात लावू नका, गाडी आता तासाभरापूर्वी आली आहे.